घर उलटं गहाण टाकताना

रिव्हर्स मॉर्गेज हा शब्द कोल्हापुरात, कळंब्याच्या आमच्या कॉलनीत पहिल्यांदा मी आणला. त्याचा मला आज अभिमान नाही. पण आणला मी हे खरं, आणि पुढं जे झालं त्याला दुसऱ्या कुणाला जबाबदार धरता येत नाही, हीच तर अडचण आहे.

निमित्त झालं गीझरचं. ऐन जानेवारीत तो फुटला आणि मी नवा बसवला. रात्री आमच्या राजवर्धनचा पुण्याहून फोन आला. तो दर महिन्याला आम्हाला पैसे पाठवतो, त्यामुळं महिन्यातून एकदा थोडं हिशोबाचंही बोलतो. म्हणाला, "पप्पा, जुना दुरुस्त नसता झाला का?"

तो रागानं बोलला नाही. रागानं बोलला असता तर मला भांडता तरी आलं असतं. अगदी सहज विचारलं त्यानं. पण चौतीस वर्षं मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत स्टोअरकीपर होतो. विजयसिंह पोवारांची सही झाल्याशिवाय तिथून नटबोल्ट बाहेर जात नसे. मोठे मोठे इंजिनियर माझ्या खिडकीसमोर चिठ्ठी घेऊन उभे असायचे आणि मी त्यांना विचारायचो, "जुना दुरुस्त नाही का होत?" आता खिडकीच्या पलीकडं मी होतो. पेन्शन म्हणून जे येतं त्यात महिन्याचं दूध भागतं, तेही चहा एकदाच केला तर.

त्याच आठवड्यात पेपरच्या पुरवणीत एक लेख आला. साठीच्या पुढचा माणूस, स्वतःचं घर. घर बँकेकडं ठेवायचं, बँक दर महिन्याला तुम्हाला पैसे देणार, तुम्ही त्याच घरात राहायचं आणि हयात असेपर्यंत परतफेड नाही. शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. जन्मात पहिल्यांदा मला नुसतं जिवंत राहण्याचे पैसे मिळणार होते.

माझ्या बायकोचं नाव क्रांती. सासरे चळवळीतले होते, त्यांनी ठेवलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं एकदाही ते नाव वापरलं नाही. मी लेख वाचून दाखवला तेव्हा ती मेथी निवडत होती.

"म्हंजे घर गहाण टाकायचं?"

"उलटं गहाण. नेहमीच्या गहाणात आपण बँकेला हप्ते देतो, ह्यात बँक आपल्याला देणार."

"उलटं काय न् सुलटं काय, गहाणच की ते," ती म्हणाली आणि मेथी घेऊन आत गेली. हे अज्ञान आहे असं मी त्या वेळी समजलो.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून मी शाहूपुरीतल्या बँकेत गेलो. वहीत अकरा प्रश्न लिहून नेले होते. कर्जाच्या टेबलावर अंतरा नावाची एक तरुण मुलगी होती. "काका, होम लोन?" तिनं हसून विचारलं. मी म्हणालो, "उलटं." तिचं हसू तसंच राहिलं, पण डोळे मॅनेजरकडं गेले. मॅनेजरनं कुणाला तरी फोन केला, त्या कुणीतरी आणखी कुणाला तरी. चाळीस मिनिटांनी चार पानांची झेरॉक्स आली. या शाखेत ही योजना मागायला आलेला मी पहिलाच माणूस निघालो. मला त्यात मान वाटला. त्याऐवजी शंका यायला हवी होती.

मुलगी चांगली होती. माझ्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिनं पानावर बोट ठेवून दिलं. घर कुणाच्या नावावर राहणार? तुमच्याच, काका. घरपट्टी कुणी भरायची? तुम्हीच. स्लॅब गळला तर? तुम्हीच.

"मग बँक काय करणार?"

ती जरा अडखळली. "बँक... थांबणार."

कशासाठी थांबणार हे आम्ही दोघांनीही उच्चारलं नाही. पण त्या पानांत दर दोन ओळींनी "आपल्या पश्चात" असा शब्द होता आणि तो वाचताना ती बिचारी दर वेळी आवाज खाली आणायची. तेवढ्या पाऊण तासात मी सात वेळा वारलो. क्रांती पाच वेळा.

"पैसे किती वर्षं मिळणार?"

"पंधरा."

"मी आत्ता एकोणसत्तर. चौऱ्याऐंशी झाल्यावर?"

"घरात राहू शकता की काका, दोघंही असेपर्यंत. फक्त पैसे थांबतात."

"आणि खायचं काय?"

तिनं पान उलटून बघितलं. तिथं नव्हतं.

"आमच्या पश्चात मुलाला काय?"

"त्यांनी व्याजासकट रक्कम भरली तर घर त्यांचं. नाहीतर बँक विकणार आणि उरेल ते त्यांना देणार."

"आणि विकून कमीच पडलं तर?"

"मुलाकडं मागत नाहीत."

हे उत्तर मला इतकं आवडलं की मी त्याच्याखाली दोन रेघा मारल्या.

घरी येताना फाटकात ज्ञानू भेटला. ज्ञानू म्हणजे आमचा शेजारी. जन्मभर सिटी बस चालवल्यामुळं तो अजूनही इंजिनाच्या आवाजावर चढून बोलतो. "काय भाऊ, नटूनथटून कुठं गेलतासा?" मी हळू आवाजात, विश्वासानं सांगितलं. त्यानं त्याच्या आवाजात मला उलट विचारलं, "घर गहाण टाकलासा?" समोरच्या तीन गॅलऱ्यांतून माणसं बाहेर आली.

संध्याकाळपर्यंत कॉलनीत तीन मतं तयार झाली. एक, पोरगं शेअर बाजारात बुडालं. दोन, मी बुडालो. तीन, क्रांतीला काहीतरी मोठं दुखणं आहे आणि आम्ही ते लपवतोय. तिसऱ्या मताच्या शालूबाई दुसऱ्या दिवशी सहा शहाळी घेऊन आल्या आणि क्रांतीचा हात हातात धरून रडल्या. शहाळी परत करता येईनात, म्हणून क्रांती दोन दिवस जरा हळू चालत होती. चौथ्या दिवशी एक जागेचा एजंट फाटकाबाहेर उभा राहून टेपनं रस्त्याची रुंदी मोजताना दिसला. मी ओरडलो तर म्हणाला, "चालू द्या पावणं, तुमचं दुःख मला समजतंय."

पुण्याहून फोन आला तो या सगळ्यानंतर.

"पप्पा, मला विचारायचं तरी."

"तुला विचारायला लागू नये म्हणून तर चाललंय."

 मग तो म्हणाला, "लोक म्हणतील, पोरानं बापावर घर गहाण टाकायची वेळ आणली."

"मग आमच्या पश्चात सोडवून घे. पान तीन, कलम नऊ."

मीच फोन ठेवला.  कलम सांगायला नको होतं असं राहून राहून वाटलं. पण परत फोन करून काय सांगणार, कलम आठ?

मग बँकेनं घराची किंमत काढायला ऋतुराज नावाचा इंजिनियर पाठवला. त्यानं हेल्मेट न काढता भिंतींवर टिचक्या मारल्या, संडासाचं दार तीनदा उघडलं, मिटलं, आणि वहीत बघत विचारलं, "किती वर्षं काढंल असं वाटतंय?"

"तब्येत बरी आहे," मी म्हणालो. "थोडं बीपी आहे."

"घर हो काका, घर."

घर निदान वीस वर्षं तरी टिकलं पाहिजे असा नियम आहे. त्यानं चोवीस लिहिली. बँकेच्या हिशोबात मला पंधरा. म्हणजे घर मला नऊ वर्षं पुरून उरणार होतं. एकोणनव्वद साली प्लॉट घेताना आणि पुढं सुट्टीच्या दिवशी स्वतः विटांना पाणी मारताना हा विचार कधी डोक्यात आला नव्हता. त्या दुपारी मी उगाचच भिंतीकडं जरा रागानं बघत होतो.

खरी अडचण निघाली कागदात. अंतराचा फोन आला. "काका, उताऱ्यावर दोन नावं आहेत. तुमचं आणि श्रीमती पार्वतीबाई पोवार."

ती माझी आई. प्लॉट घेताना निम्मे पैसे तिचे होते. चार पाटल्या मोडून तिनं दिले होते, म्हणून तिचं नाव घातलं. ती गेली त्याला वीस वर्षं होऊन गेली. तिचं नाव रेशनकार्डावरून काढलं, मतदारयादीतून काढलं. उताऱ्यावरून काढायचं सुचलंच नाही. किंवा सुचलं असेल आणि हात धजला नसेल. आता नक्की सांगता येत नाही.

"त्यांचे वारस कोण कोण?"

"मी. आणि एक थोरली बहीण."

"मग बहिणीचं हक्कसोडपत्र आणा. तुम्हाला त्यांचा हिस्सा सोडून दिला म्हणून. सोपं असतं काका, घरातल्या घरात."

माझी बहीण बनाबाई. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. शहात्तर वर्षांची, नेसरीला राहते. क्रांतीनं एक लुगडं आणि चिवड्याची दोन पाकिटं दिली, ती घेऊन मी गडहिंग्लजची एसटी धरली. अक्का दारातल्या कट्ट्यावर पावटे सोलत बसली होती. मला बघताच तिच्या हातातली शेंग खाली पडली.

"विजू, कोण गेलं?"

"कुणी नाही गं. सहज आलो."

तिचा विश्वास बसेना. विचार केला तेव्हा आठवलं, गेल्या दहा वर्षांत मी नेसरीला चार वेळा आलो, आणि चारही वेळा कुणीतरी गेलं होतं. मुद्दा कसा काढावा कळेना. मी पावसावर बोललो, उसावर बोललो, चिवड्यावर बोललो. ती ऐकत राहिली. अक्काची खाट बाहेरच्या सोप्यात होती, खताच्या पोत्यांच्या बाजूला. आतल्या खोलीत तिच्या मुलानं, गुंडूनं, नवा दिवाण केला होता, तो मला कौतुकानं दाखवला. शेवटी जेवणं झाल्यावर मी एका दमात सगळं सांगून टाकलं. बँक, आईचं नाव, हक्कसोड.

"कुठं करायची सही?" अक्का म्हणाली.

"कोल्हापूरला यावं लागेल."

"येतो की."

एवढंच. मी सबंध वाटेवर जी तयारी केली होती ती वाया गेली. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथंच दुसऱ्यांदा चहा मागितला. एसटीपर्यंत सोडायला गुंडू आला. म्हणाला, "मामा, आमच्या आईकडनं घ्यायचं असलं की समदे येत्यात. आता न्हिताईसा तर ठेवूनच घ्या की तिला." आणि हसला. मीही हसलो. स्टोअरकीपर माणूस, पण काय आत आलं आणि काय बाहेर गेलं हे मला त्या वेळी कळलं नाही.

सोमवारी अक्का आली. एक मोठी कापडी पिशवी आणि एक पत्र्याची ट्रंक घेऊन आली. आम्ही रजिस्टर करायच्या कचेरीत गेलो. तिथं सही लागतेच, पण बोटाचा ठसा यंत्रावरही उमटावा लागतो, आणि अक्काचा ठसा उमटेना. पन्नास वर्षं शेतातली भांगलण, जात्यावरचं दळण आणि राखेनं घासलेली भांडी यांनी बोटांवर काही शिल्लक ठेवलं नव्हतं. ऑपरेटर म्हणाला, "आजी, दाबून धरा." तिनं दाबलं. "जरा सैल धरा." तिनं सैल धरलं. रुमाल ओला करून पुसलं, कुणीतरी खोबरेल दिलं, कुणीतरी म्हणालं खोबरेलानं उलट बिघडतं. रांगेतले लोक आपापला सल्ला देऊन मोकळे झाले. अक्का प्रत्येकाचं ऐकत होती आणि मधून मधून माझ्याकडं बघून, आपल्यामुळं खोळंबा झाला म्हणून, ओशाळून हसत होती. दहा बोटांत शेवटी डाव्या हाताची करंगळी सरकारला पटली. तेवढ्यात सर्व्हर बंद पडला. "गुरुवारी या."

म्हणून अक्का आमच्याकडं राहिली. पहाटे पाचला उठून अंगण झाडायची. खुर्चीवर बसायची नाही. जेवायला बसा म्हटलं की "तुमचं होऊ द्या" म्हणायची. तिसऱ्या दिवशी शालूबाईंनी तिला विचारलं, "किती दिवस हायसा?" तर म्हणाली, "काम होईतवर."

गुरुवारी आधी बँकेत गेलो. हक्कसोडपत्राचा मसुदा अंतराला दाखवायचा होता. तिनं तो वाचला, ठीक आहे म्हणाली, आणि अक्काला पाणी दिलं. अक्का पाणी प्यायली, तिनं ग्लास पुसून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "बाई, एक इचारू?"

"विचारा की आजी."

"ह्ये दोघं जण गेल्यावर, त्या घरात दुसरं कोण ऱ्हात असलं, तर त्येचं काय करतासा?"

"दुसरं म्हणजे कोण?"

"कोण बी. असंच एखादं म्हातारं माणूस."

अंतरानं पान बघितलं नाही. तिला ते पाठ झालं असावं. "घर रिकामं करून द्यावं लागतं, आजी. थोडी मुदत देतात."

"बरं," अक्का म्हणाली.

माझ्या अकरा प्रश्नांत हा नव्हता.

बँकेच्या पायऱ्या उतरल्यावर मी तिला थांबवलं. बाजूला गुळाचा टेम्पो उतरत होता, हमाल ओरडत होते, त्यात आम्ही दोघं उभे.

"अक्का, ते कशाला विचारलंस?"

"आसंच."

"खरं सांग."

ती पदराची गाठ सोडत, बांधत राहिली. "गुंडू घर पाडून दुकानाचं गाळं काढणार हाय. मला म्हणला, आता तुला कुठं ठेवू? तुझ्या आईचं हाय की कोल्हापुरात, तिकडं जा." थोडं थांबून ती म्हणाली, "मला काय नगं विजू. मी कवा मागितलं न्हाई, मागणार बी न्हवतो. निस्तं मनात असायचं, हाय म्हणून."

"अगं, मग सही द्यायला कशाला निघालीस?"

"तू मागितलास की."

 मी मसुद्याची घडी घातली, परत उघडली, परत घातली. स्टँप पेपर फाडायचा धीर झाला नाही, तो पैसे देऊन घेतला होता. रजिस्टर कचेरीचा नंबर निघून गेला. आम्ही रिक्षा करून घरी आलो.

क्रांती दारात उभी होती. मी काही सांगायच्या आधीच म्हणाली, "झाली सही?"

"नाही. होणारही नाही."

तिनं अक्काच्या हातातली पिशवी घेतली. अक्का आत गेल्यावर मला म्हणाली, "एका सहीला येणारं माणूस दोन चादरी आणि तांब्या घेऊन येतंय होय?"

"तुला कळलं होतं? मग बोलली का नाहीस?"

"ह्या सगळ्यात तुम्ही मला एक तरी प्रश्न विचारलाय? अकराच्या अकरा बँकेला."

अर्ज मागं घेतला. त्याची फी परत मिळत नाही, हे पान चारच्या तळाला बारीक अक्षरात होतं. अंतरा म्हणाली, "वाईट वाटतंय काका, आमच्या शाखेतली पहिलीच केस होती." ज्ञानूनं कॉलनीला सांगितलं की बँकेनं भाऊंना नाकारलं. आता लोक मला बघून रस्त्यात थांबतात आणि मान हलवतात. दोघांनी तर आपल्या ओळखीच्या पतसंस्थेचं नाव सुचवलं.

त्या रात्री मी राजवर्धनला फोन केला. सगळं सांगितलं.  शेवटी तो म्हणाला, "आत्याला राहू दे, पप्पा." मला बरं वाटलं. मग तो म्हणाला, "महिन्याला अजून किती लागतील?" मी आकडा सांगितला. सांगताना मी उभा राहिलो होतो, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

त्यानंतर मी एकच काम हातात घेतलं. आईचं नाव कमी करून त्या जागी अक्काचं आणि माझं, अशी वारस नोंद घालायची. अर्ज, मृत्यूचा दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, दोघांचे फोटो. फोटोवाल्यानं अक्काला हसा म्हटलं तर तिनं तोंडावर पदर घेतला, तो फोटो चालला नाही, दुसरा काढला. तलाठ्याच्या ऑफिसातल्या क्लार्कनं कागद मोजले, एक कमी आहे म्हणाला, मग तो त्याच्याच कोपराखाली सापडला. शिक्का मारून पोच दिली.

"पंधरा दिवसांची नोटीस निघंल. कुणाची हरकत नसली तर नोंद. दीडेक महिना धरा."

अक्का माझ्यामागं उभी होती. तिनं हळूच विचारलं, "तवर मी हितंच ऱ्हायलो तर चालंल न्हवं?"

का कोण जाणे, माझा एकदम भडका उडाला. गीझर, कलम, करंगळी, सगळं एकदम वर आलं. "अगं घर तुझं हाय!" मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की शेजारच्या टेबलावरची बाई लिहायची थांबली. "तुझं हाय घर! कुणाला इचारतीस?"

क्लार्कनं मान वर केली. "अजून न्हाई, काका," तो शांतपणे म्हणाला. "नोंद झाल्यावर."

अक्कानं त्याच्याकडं बघून मान डोलावली. बँकेतल्या अंतरानंतर तिला सरळ उत्तर देणारा हा दुसराच माणूस होता. मग ती बाकावर जाऊन बसली. दीड महिना तिथंच बसायचं असल्यासारखी, पिशवी मांडीवर घेऊन.